लेखनिक

पीयूष तिला मॅडम म्हणाला आणि दिशाच्या हातातला लॅपटॉप एकदम जड झाला. खरं तर दुकानातला तो सगळ्यात हलका. तसं त्यानंच एवढ्यात सांगितलं होतं, मॅडम, वजन बघा, वहीएवढं आहे. मॅडम तिला जुन्नरच्या कॉलेजात दिवसभर सगळी पोरं म्हणतात, शिपाई म्हणतो, एसटीचा कंडक्टर म्हणतो, आणि ती त्या शब्दाकडे फारसं लक्षही देत नाही. पण या तोंडून तो शब्द येईल असं तिच्या मनात आलं नव्हतं. या तोंडानं तिला दिशा म्हटलं होतं, वैतागलं की दिशे म्हटलं होतं, आणि एकदा लेण्याद्रीला, काही काम नसताना, नुसती हाक म्हणून हाक मारली होती. अवसरीहून मंचरला येताना मोटरसायकलवर भावाच्या पाठीमागे बसून तिनं मनात किती तरी तयारी केली होती. तो काय बोलेल, आपण काय बोलू, हसू की नको. मॅडम या शब्दाची मात्र तयारी राहून गेली. तिनं लॅपटॉप काउंटरवर ठेवला आणि हलका आहे म्हणाली. आपला आवाज अगदी मॅडमसारखा निघाला हे तिलाही ऐकू आलं.

जुना लॅपटॉप आता खांद्यालाच नव्हे, जिवालाही जड झाला होता. अवसरी बुद्रुकहून मंचर, मंचरहून दुसरी गाडी धरून जुन्नर, आणि संध्याकाळी तेच उलटं. पाठीवर ते धूड, एका हातात काठी. त्याची बॅटरी तर अशी की मंचरला चालू केला की कळंब यायच्या आत मान टाकायची. बिजागरी निखळली होती, ती हनुमंतानं तारेनं बांधून दिली होती. हनुमंत म्हणजे तिचा थोरला भाऊ. तो म्हणाला, पुण्याला जाऊ, तिथं दुकानांची रांगच्या रांग असते. ती म्हणाली, नको, मंचरलाच घेऊ, बिघडला तर जवळ पडेल. कारण बरोबर होतं आणि साफ खोटं होतं. हनुमंताला त्यातलं किती कळलं कोण जाणे. गाडी दुकानाच्या दारात उभी करून तो एवढंच म्हणाला, "तुला काय त्यात बघायचंय, कुठलाबी घे. मी मेंढरांचा खुराक घिऊन येतो तवर." भावाची माया अशीच, ती अंगाला लागेपर्यंत आधी बोचते. तो गेला, गाडीचा आवाज बाजाराच्या गलक्यात मिसळला, आणि ती पायरी चढली.

हे दुकान तिच्या चांगल्या ओळखीचं. पूर्वी इथं नुसतं कापड असायचं. पीयूषचे वडील पारसमलशेठ गादीवर बसायचे, चपला बाहेर काढून आत यावं लागायचं, आणि नव्या धोतरजोड्यांचा, कांजीचा आणि अगरबत्तीचा वास दारातच अंगाला भिडायचा. आता शेठ घरीच असतात. पीयूषनं दुकानाच्या मधोमध भिंत घातली आणि एका बाजूला मोबाईल, लॅपटॉप मांडले. वास निम्मा राहिला. चपला बाहेर काढायची पद्धत मात्र त्यानं ठेवली. फरशी गार लागली आणि दिशाला बरं वाटलं. काउंटरच्या पलीकडे बांगड्या वाजत होत्या. ती खुशबू, त्याची बायको. तिला दिशा आज पहिल्यांदाच भेटत होती, पण तिचं नाव दिशाला पाठ होतं.

पीयूष धंद्याच्या सवयीनं बोलत सुटला. याचा डिस्प्ले एकदम झकास आहे मॅडम, रंग असे उठून, आणि तिथंच त्याची जीभ अडखळली. दिशाला हसू आलं. ती म्हणाली, स्क्रीन काढून ठेवा आणि उरलेला द्या, तेवढाच आणखी हलका होईल. तो हसला नाही. पूर्वी हसला असता. मग तिनं आपल्याला काय हवं ते सांगितलं. वजन कमी, बॅटरी जुन्नरला जाऊन परत येईपर्यंत टिकणारी, बटणं एकमेकांना चिकटलेली नकोत, आणि ज्या दोन बटणांवर बोटं ठेवून टायपिंग सुरू करतात त्यांच्यावरच्या बारीक रेघा बोटाला नीट लागणाऱ्या. त्यानं एकेक लॅपटॉप पुढे सरकवला आणि ती त्यांच्यावरून बोटं फिरवत गेली. एकाच्या रेघा इतक्या पुसट की असून नसल्यासारख्या. दुसऱ्याची बटणं सपाट, कुठलं कुठे संपतं तेच कळेना. तिसरा चांगला होता पण खोक्यासारखा मोठा. तिचा आजा जानकू वाड्यावर बसून मेंढरांचे कान असेच चाचपायचा. प्रत्येक घराची कानाला खाच पाडायची रीत वेगळी, आणि लहानपणी त्यानं तिचा हात धरून ती तिला शिकवली होती, ही आपली, ही पाहुण्याची. पोरीला डोळे नाहीत म्हणून बाकी कुणी काही शिकवायला धजत नव्हतं तेव्हाची गोष्ट. सगळ्यात लहान लॅपटॉपवर तिची बोटं थांबली. दोन्ही रेघा जागच्या जागी होत्या, खाचेसारख्या स्वच्छ. मग तिनं त्याच्या कडेनं बोट फिरवून विचारलं, इयरफोनचं भोक आहे ना? हल्ली ते काढून टाकतात. तो म्हणाला, आहे, डाव्या बाजूला. तिचं बोट तिथं नेऊन ठेवायला तो विसरला, किंवा विसरला नाही.

ते भोक म्हणजे तिची खरी गरज. बाकीचं सगळं सोय होतं. लॅपटॉपवर जे असेल ते मोठ्यानं वाचून दाखवणारं एक सॉफ्टवेअर असतं. त्याचा आवाज पत्र्यावर घासल्यासारखा, आणि तिची आई तानूबाई त्याला डब्यातला बाबा म्हणते. डब्यातला बाबा काहीच पोटात ठेवत नाही. मैत्रिणीनं पाठवलेलं चार ओळींचं दुःख तो चुलीपाशी बसलेल्या आईला ऐकवतो. कानात इयरफोनची बोंडं घातली तरच तो तिच्या एकटीचा होतो. माणसांचं आयुष्य निम्मं तरी न बोललेलं असतं. ते वहीच्या मागच्या पानावर लिहितात, खोडतात, फाडून टाकतात. दिशाला मागचं पान कधी मिळालंच नाही. लहानपणापासून तिचा एकूण एक शब्द कागदावर जायचा तो दुसऱ्याच्या कानातून आणि दुसऱ्याच्या हातातून. अर्ज हनुमंतानं लिहिले, पत्रं मावशीच्या मुलीनं लिहिली. आणि परीक्षा, दहावीपासून बीएच्या शेवटच्या पेपरापर्यंत सगळ्या परीक्षा, पीयूषनं लिहिल्या.

अंध मुलांना परीक्षेत लेखनिक मिळतो. तो एक इयत्ता मागचा असावा लागतो, म्हणजे त्याला उत्तरं येऊ नयेत. विद्यार्थ्यानं सांगायचं, त्यानं लिहायचं. प्रश्न वाचून दाखवण्यापलीकडे त्यानं तोंड उघडायचं नाही. दोघांना वेगळ्या खोलीत बसवतात आणि एक पर्यवेक्षक त्यांच्यावर डोळे लावून बसतो. पीयूष तिच्या मागच्या वर्गात होता. मुख्याध्यापकांनी विचारलं तेव्हा बाकीची पोरं बाकाखाली बघत राहिली आणि हा उठला, की त्याला उठवलं, हे तिला कधीच कळलं नाही. पारसमलशेठ मात्र खूश झाले होते. त्यांनी दुकानात आलेल्या प्रत्येकाला सांगितलं, पोरगा पुण्याचं काम करतो आहे. तो शब्द तेव्हाच तिच्या पायात काट्यासारखा मोडला. पुढे इतकी वर्षं ती चालली ती त्या काट्यावरच. आपण त्याच्यासाठी कोण, दिशा की पुण्य?

परीक्षेआधी सराव करावा लागायचा. तो सायकलवर अवसरीला यायचा आणि ओट्यावर दोघं बसायची. ती बोलायची, त्याचं पेन धावायचं. वाक्य लांबलं की तो पेनाचं टोपण ओट्यावर, आणि परीक्षेत बाकावर, एकदा वाजवायचा, म्हणजे थांब. दोनदा वाजवलं म्हणजे काहीतरी चुकलं, पुन्हा सांग. बोलायला बंदी होती म्हणून त्यांनी काढलेली ही भाषा, आणि पर्यवेक्षकाला ती कधी उमगली नाही. तिला त्याच्या पेनाच्या खरखरीवरून कळायचं तो दमलाय, कंटाळलाय, की तिचं वाक्य त्याला आवडलंय. आवडलं की पेन जरा दाबून चालायचं. एकदा तिनं त्याला विचारलं होतं, माझं अक्षर कसं आहे रे? तो म्हणाला, उजवीकडे कललेलं, काना जरा लांब. तेव्हापासून तिला वाटायचं, जगात आपलं अक्षर आहे आणि ते उजवीकडे कललेलं आहे. विद्यापीठाच्या कुठल्याशा गोदामात ते कधीच रद्दीत गेलं असेल. दुसरं तिच्यापाशी नाही.

लोक बोलायला लागले तेव्हा तानूबाईनं तोडगा काढला. तिनं राखी आणली, नारळाच्या वड्या केल्या आणि पोरीला म्हणाली, "बांध त्याला, म्हंजी तोंडं बंद व्हत्यात. भाऊ म्हणून यीना का खुशाल." गावात असं चालतं. मुलगा आणि मुलगी एका ओट्यावर बसायची तर मधे राखीचा दोरा लागतो, मग कुणी काही विचारत नाही. त्या राखीपौर्णिमेला पीयूष आला नाही. त्याची आजी प्यारीबाई हिच्याबरोबर राजस्थानला गेला होता म्हणे. पुढच्या वर्षी त्याला ताप होता. त्याच्या पुढच्या वर्षी दुकानात माल उतरायचा होता. वड्या शेजारी गेल्या. तानूबाई म्हणाली, मारवाड्याचं पोरगं लई चुकार हाय. दिशानं ती राखी उशाच्या पेटीत ठेवली आणि त्या न बांधलेल्या दोऱ्यावर मनानं एवढं मोठं घर बांधलं. तो राखी चुकवतो. मुद्दाम चुकवतो. कधी वाटायचं, खरंच ताप असेल, आपण वेडे आहोत.

लेण्याद्रीला कॉलेजची सहल गेली होती. पायऱ्या चढताना बाकीच्या मुली दमून बसल्या आणि हा तिच्या पुढे पुढे चालत राहिला, पायरी तुटलीय, इथं वळायचंय, एवढंच सांगत. वर गणपतीच्या त्या मोठ्या लेण्यात माणसं बाहेर गेल्यावर तो म्हणाला, गप्प उभी राहा. आणि त्यानं जरा लांबून हाक मारली, दिशा. हाक दगडावर जाऊन परत आली. एकदा त्याच्या तोंडून, एकदा डोंगराच्या. तू काय सांगत होतीस, तो म्हणाला, खोली केवढी आहे ते तुला आवाजावरून कळतं, घे, मोज. तिनं खोली मोजली नाही. आजतागायत ती त्या खोलीतून पुरती बाहेरही आलेली नाही.

आणि मग शेवटच्या वर्षाचा तो पेपर. शेवटचा प्रश्न, पुढीलपैकी एका विषयावर ललित लेख लिहा. पीयूषनं विषय वाचून दाखवले आणि त्यात एक होता, एक आवाज. तिनं तो घेतला. घरून ठरवून आली नव्हती. पण उद्यापासून हा मुलगा आपल्या शेजारी बसणार नाही, हे त्याच क्षणी तिच्या पोटात उतरलं, आणि ती सांगू लागली. पेनाच्या आवाजाबद्दल. शेजारच्या श्वासाबद्दल, जो वाक्य संपेपर्यंत अडून राहतो. कांजीचा वास असलेल्या शर्टाबद्दल. नाव घेतलं नाही. ती म्हणाली, लिही, त्या आवाजावाचून माझं वाक्य पुरं होत नाही, आणि माझं वाक्य पुरं व्हावं एवढंच मला आयुष्याकडे मागायचं आहे. पेन थांबलं. खोलीत पंखा फिरत होता. टोपण एकदा वाजलं नाही, दोनदाही वाजलं नाही. मग तो म्हणाला, हे लिहू? पर्यवेक्षक खुर्चीवरून ओरडले, लेखनिकानं बोलायचं नाही. ती म्हणाली, लिही. आणि त्यानं लिहिलं. दाबून लिहिलं की नुसतं लिहिलं, हे ऐकायला तिला जमलं नाही, कारण तिच्या कानात तिचंच रक्त वाजत होतं. घंटा झाली. बाहेर शेठ स्कूटर घेऊन उभे होते, त्यांना कुठंतरी लग्नाला जायचं होतं. पीयूष गेला. त्या पेपरात तिला चांगले गुण पडले.

त्यानंतर त्याची लग्नपत्रिका आली. ती हनुमंतानं मोठ्यानं वाचली, चिरंजीव पीयूष आणि चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी खुशबू, आणि खाली तुझं नाव पेनानं वेगळं लिहिलंय म्हणाला, कुमारी दिशा यांस. तिनं विचारलं, अक्षर कसं आहे? हनुमंत म्हणाला, चांगलंय की. उजवीकडे कललेलं आहे का, हे तिला विचारता आलं नाही. ती लग्नाला गेली नाही. एमए झाली, नोकरी लागली, दोन स्थळं आली ती अधू होती म्हणून तिनं नाकारली आणि एक डोळस आलं ते ती अधू म्हणून फिरलं. हे सगळं झालं, होतच असतं. तिला तो मिळायला हवा होता असंही तिनं कधी ठरवलं नव्हतं. अवसरीची धनगराची आंधळी मुलगी आणि मंचरच्या शेठजीचा मुलगा, एवढं गणित तिला येत होतं. तिला फक्त एक हवं होतं. त्या खोलीत तो लिहीत होता तेव्हा त्याला कळलं होतं का. हो असेल तर ती पुण्य नव्हती. नाही असेल तर सगळी वर्षं एका लेखनिकाबरोबर बोलल्यासारखी. एका शब्दासाठी माणूस एवढं झुरतं याची तिला लाज वाटायची, आणि तरी ती झुरायची.

खुशबूनं चहा आणला. कप हातात देताना तिनं दिशाची बोटं नीट त्याच्या कानावर टेकवली, इतक्या सहज की दिशाला तिचा राग करता येईना. आवाजही गोड, मोकळा. ती म्हणाली, "ताई, हे तुमच्याबद्दल सारखं सांगतात. तुमचे सगळे पेपर यांनी लिहिले ना? मी आमच्या पोरांनाबी सांगते, पप्पांनी केवढं पुण्याचं काम केलंय." दिशा म्हणाली, हो, केलंय. चहा गोड होता. तेवढ्यात कुणी मोबाईलची काच बदलायला आलं आणि पीयूष तिकडे सरकला. बांगड्याही बिलाच्या टेबलाकडे गेल्या.

दिशानं पर्समधून पेनड्राइव्ह काढला. डब्यातला बाबा त्यात भरून ती बरोबर नेते, कुठल्याही लॅपटॉपला लावला की तो बोलू लागतो. नवा लॅपटॉप घेताना असं पारखूनच घ्यावं लागतं. तिनं चाचपून तो लावला, इयरफोन लावले, कानात बोंडं घातली. दुकान, रस्ता, काचवाला, बांगड्या सगळं मिटलं. कान झाकले की तिचं जगच झाकलं जातं. बाबा म्हणाला, नमस्कार. मराठी टायपिंग आधीच भरलेलं होतं, नोकरीच्या परीक्षा देणारी पोरं मागतात म्हणून बटणांवर मराठीची स्टिकरंही होती. ती तिच्या बोटांना बारीक कडांनी लागली. तिनं नाव लिहिलं, गावाचं नाव लिहिलं. बटणं हलकी, आवाज न करणारी. बाबा तिच्या कानात एकेक अक्षर म्हणत होता आणि ते कुणालाच ऐकू जात नव्हतं. एवढ्या माणसांत ती एकटी होती. हे सुख तिला घरी मिळत नाही, एसटीत मिळत नाही. आपल्याला मागचं पान मिळालं असं तिला वाटलं, आणि डोळे भरून आले. मग तिनं तेच केलं जे कोणीही मागच्या पानावर करतं. तिनं लिहिलं, पीयूष, तू लिहीत होतास तेव्हा तुला कळलं होतं का.

तिची बोटं रेघांवर परत आली आणि तिथं थांबली. लिहून झाल्यावर एवढं हलकं वाटेल असं तिला वाटलं नव्हतं. आता खोडून टाकू, म्हणून तिनं बोट उचललं, आणि काउंटरच्या लाकडावर ठोका पडला. कानानं नव्हे, मनगटानं तिला तो कळला. मग दुसरा ठोका. काहीतरी चुकलं, पुन्हा सांग. तिनं उजव्या कानातलं बोंड काढलं. तो अनवाणी होता, कधी येऊन शेजारी उभा राहिला होता ते कळायला मार्गच नव्हता. कांजीचा वास अगदी जवळ होता. बिलाच्या टेबलाकडे खुशबू काचवाल्याला सुट्ट्यांबद्दल काही सांगत होती.

"दिशा," तो हळू म्हणाला, "स्क्रीन चालू आहे."

घरच्या लॅपटॉपवर तिनं स्क्रीन काळी करून ठेवलेली असते. स्टाफरूममध्ये एका बाईंनी खांद्यावरून वाचलं होतं, त्या दिवशी तिनं तसा पडदा लावून टाकला तो कायमचा. पेनड्राइव्हमधल्या बाबाला तो पडदा माहीत नव्हता. आणि स्क्रीन नावाची वस्तू असते, ती उजळते, तिच्यावरचं जाणारा येणारा वाचतो, हे ती इतकी वर्षं पडद्याआड बसून विसरून गेली होती. तिच्या कानशिलांना झिणझिण्या आल्या. जमिनीत जावं असं नव्हे, जमीनच नाही असं वाटलं. तरी त्या सगळ्याच्या तळाशी तिनं ऐकलं होतं की त्यानं दिशा म्हटलं. हाक आली होती. मॅडम गेली होती.

ती हात मागे घेणार, तोच बटण दाबल्याचं डाव्या कानात कळलं. बाबा म्हणाला, ग. मग तेच अक्षर खोडलं गेलं. तो शोधत होता. त्याला हे टायपिंग येत नव्हतं, एका बोटानं स्टिकरं वाचत होता, आणि त्याचा श्वास पूर्वीसारखाच अडून राहिला होता. बाबा म्हणाला, ह. मग बराच वेळ काही नाही. उजव्या कानात खुशबू हसून म्हणत होती, सुट्टे ठेवत जा हो दादा. डाव्या कानात बाबा म्हणाला, ओ.

ह आणि ओ. त्या पत्र्याच्या आवाजात, कुणालाही ऐकू न जाता, तिच्या एका कानात तो शब्द पुरा झाला. तिनं तोंडानं तो म्हटला नाही. तिला रडायला हवं होतं आणि रडू येत नव्हतं. एवढी वर्षं हा शब्द आपल्याला सुख देईल असं ती धरून चालली होती. पण शब्द आला आणि त्याच्याबरोबर त्या सगळ्या वर्षांचं ओझं आलं. त्याला कळलं होतं. पेपर लिहिताना कळलं होतं, राखी चुकवताना कळलं होतं, पत्रिकेवर नाव लिहिताना कळलं होतं, मघाशी मॅडम म्हणतानाही कळलं होतं. कळलं नसतं तर बरं झालं असतं असं तिला पहिल्यांदा वाटलं.

"घेतला का ताईंनी?" खुशबूनं लांबून विचारलं, आणि बांगड्या इकडे येऊ लागल्या.

बाबा म्हणाला, ओ. मग म्हणाला, ह. खोडलं की तो खोडलेलं अक्षर सांगतो. पण पीयूषचं बोट तिथं थांबलं नाही. ते मागे मागे चाललं. आ, क. अनुस्वार, त, ओ, ह. तिचा प्रश्न उलटा, एकेका अक्षरानं तिच्या कानातून निघून जात होता. लिहिला होता तिनं, खोडत मात्र त्याचा हात होता. कळलं गेलं, तुला गेलं, लिहीत होतास गेलं. शेवटी त्याचं स्वतःचं नाव उलटं गेलं. मग आवाज बंद झाला. बांगड्या काउंटरपाशी येऊन थांबल्या. दिशानं खात्री करावी म्हणून बाणाचं बटण दाबलं. बाबा म्हणाला, रिकामं.

तिनं डाव्या कानातलं बोंड काढलं, पेनड्राइव्ह काढून पर्समध्ये ठेवला आणि लॅपटॉप मिटला. तो खरंच वहीएवढा होता. बाहेर हनुमंताच्या गाडीचा हॉर्न वाजला. पीयूषचा श्वास अजून तिथंच होता, जवळ, काहीतरी बोलावं म्हणून थांबल्यासारखा. त्याला आता बोलायला बंदी नव्हती, पण तो बोलला नाही, आणि तिला त्याची दया आली. तानूबाईला जे राखी आणून जमलं नव्हतं ते तिनं स्वतःच, खुशबूकडे तोंड करून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात केलं.

"हाच द्या, भाऊ," ती म्हणाली.